कललेली काडतुसं

तात्यारावांच्या हातांबद्दल कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणी वावगा शब्द काढायची सोय नव्हती. सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेली. निवृत्तीनंतरही घरातलं एखादं दार करकरलं तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. शेजाऱ्यांचं दार करकरलं तरी हे तेलाची कुपी घेऊन हजर. तेल घालताना वर दोन शब्द ऐकवायचे, तेही फुकट.

अशा माणसाला सून मिळाली नेमबाज. देवाच्या मनात काय असतं सांगता येत नाही! भाग्यश्री तीनशे मीटरवर रायफल चालवायची आणि काडतुसं स्वतः भरायची मुभा तिच्या परवान्यात होती. विकतचं काडतूस सगळ्यांच्या मापाचं, घरी भरलेलं आपल्याच रायफलच्या मापाचं, एवढं कानावर पडल्यावर तात्याराव स्वस्थ बसतात होय? बंद केलेल्या बाल्कनीत जाड लाकडाचं टेबल आलं आणि त्यावर हाताने ओढायची प्रेस घट्ट बसली. परवाना सुनेच्या नावावर, तेव्हा बंदुकीची दारू तीच मोजायची, आणि ती समोर असल्याशिवाय सासरेबुवा कामाला हात लावत नसत. हँडल मात्र त्यांचं.

काम तसं सोपं. पितळेची पुंगळी खालच्या चकतीत बसवायची, तिच्या तोंडावर गोळी धरायची आणि हँडल ओढायचं. दांडा पुंगळीला उचलून वरच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये नेतो आणि गोळी आत बसते. दांडा आणि डाय एका रेषेत असतील तर गोळी सरळ बसते. केसाएवढा फरक असला तरी ती मान वाकडी करून बसते, आणि मग तुम्ही श्वास रोखून कितीही नेम धरा, ती जायची तिकडेच जाणार. म्हणून भरलेलं प्रत्येक काडतूस तात्याराव डायल गेजखाली फिरवून बघायचे. काटा हलला नाही की सुनेकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणायचे. ऑफिसातून आल्यावर भाग्यश्री आधी बाल्कनीत डोकावायची आणि मग नवऱ्याकडे. आमोदची याबद्दल तक्रार होती, पण ती कुणी मनावर घेत नसे.

दसरा झाला आणि बिनसलं. रेंजवर भाग्यश्रीच्या गोळ्या पांगायला लागल्या. घरी येऊन काडतुसं गेजखाली धरली तर काटा नाचतोय. तात्यारावांनी डाय काढून परत बसवला, टेबलाचे बोल्ट आवळले, टेबलावर लेव्हल ठेवून पाहिली. छे! काटा आपला नाचतोच आहे. रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती.

शेवटी आमोदच जेवताना बोलला. मनाचा वाईट नाही तो, पण वेळ ओळखणं हा गुण त्याला आईच्या पोटातून मिळालेला नव्हता. बाबा, वय झालंय, हात थरथरत असेल, आता विकतचीच घेऊ, असं तो अगदी प्रेमानं म्हणाला. तात्यारावांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला नाही हे पाहून त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, वाढता वाढता डाव परत आमटीत ठेवला.

कारण हल्ली बशीत कप वाजायचा, हे तात्यारावांनाही ठाऊक होतं. रात्रभर त्यांना तेच डाचत राहिलं. बाकी सगळं जाईल तेव्हा जाईल, पण हात गेले तर आपलं या घरात राहिलं काय, असं त्यांच्या मनात आलं. सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की आजपासून हँडल भाग्यश्रीनं ओढायचं. ती काही बोलणार तोच ते अंघोळीला निघून गेले.

दुपारी ते एकटेच प्रेसपाशी बसले. दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू पुसून द्यावी म्हणून त्यांनी ती पुंगळी धरायची चकती ओढून काढली. ती दांड्याच्या खाचेत इतकी घट्ट बसायची की एरवी तिला कुणी हलवत नसे. खाचेत मागच्या बाजूला काहीतरी लालसर चिकटलेलं होतं. सुईनं खरवडलं तर पापडीसारखा चपटा झालेला तुकडा हातात आला. नाकाशी धरला, तर कुंकवाचा वास. तांदळाचा दाणा होता तो.

खंडेनवमीला गोदाबाई घरातली सगळी यंत्रं पुजायच्या. मिक्सर, शिलाई मशीन, आमोदचा लॅपटॉप, कुणाची सुटका नाही. यंदा सुनेची चाचणी, म्हणून प्रेसवर त्यांनी मूठभर अक्षता जास्तच वाहिल्या होत्या. त्यातला एक दाणा घरंगळून खाचेत गेला, दाबून दाबून बसला आणि चकती एका अंगाला उचलली गेली. तिरक्या चकतीवर तिरकी पुंगळी, आणि तिच्यात वाकडी गोळी.

तात्यारावांना इतका आनंद झाला की ते ताडकन उठले. हात शाबूत होते! कधी एकदा बायकोला सांगतो असं होऊन ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. गोदाबाई सुनेला रेंजवर न्यायला लाडू वळत होत्या. चाचणी होईपर्यंत स्वतः गोड खाणार नाही असं देवाला बोलून बसलेली बाई. नणंदेच्या लग्नात तिच्या हातून खिरीत मीठ पडलं होतं, तर अजून लग्नाचा विषय निघाला की उठून आत जाणारी. सुनेच्या वाटेत आपल्याच अक्षता आडव्या आल्या हे तिला कळलं असतं, तर तिनं ते जन्मभर उराशी धरलं असतं. तात्याराव मागे फिरले. दाणा त्यांनी कुंडीतल्या मातीत दाबला, खाच पुसली आणि चकती सरकवली.

संध्याकाळी हँडल भाग्यश्रीनं ओढलं. गेजखाली काटा जागचा हलेना. आमोद खूश झाला आणि बघा, मी म्हणत नव्हतो, असं दोनदा म्हणाला. तात्यारावांनी खाली मान घातली आणि हो, हातच गेले माझे, म्हणाले.

भाग्यश्रीला मात्र ते पटेना. तिनं आधीची वाकडी काडतुसं डब्यातून काढली. भरताना प्रत्येक पुंगळीची जी बाजू तिच्याकडे होती, तिथे तिनं पेनानं रेघ मारून ठेवली होती. रेघ आपल्याकडे करून तिनं ती ओळीनं उभी केली आणि गेजखाली एकेक फिरवून दाखवलं. सगळीच्या सगळी डावीकडे कललेली होती.

“बाबा, हात थरथरला असता तर एक इकडे कललं असतं, एक तिकडे,” ती म्हणाली. “हे हाताचं काम नाही. प्रेस तिरकी होती. आज ती सरळ कशी झाली?”

गोदाबाई पदराला हात पुशीत दारात येऊन उभ्या होत्या. तात्यारावांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“गंज होता,” ते म्हणाले. “चकतीच्या मागे. माझंच लक्ष नव्हतं.”

आमोदला ते पटलं. त्याला काय, काहीही पटतं. भाग्यश्री सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि गोदाबाई हळूच स्टुलावर टेकल्या. दुसऱ्याच्या दाराच्या बिजागरीला गंज दिसला तरी ज्याचं डोकं फिरतं, त्या माणसाच्या स्वतःच्या यंत्राला गंज? नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. दसऱ्याच्या सुमाराला त्या प्रेसपाशी दुसरं कोण गेलं होतं, हे आठवायला त्यांना वेळ लागला नाही.

“अहो, माझ्या अक्षता होत्या ना?”

“गंज म्हटलं ना एकदा.”

“हात गेले म्हणालात, वर मशीनला गंज चढू दिला म्हणालात,” म्हणताना गोदाबाईंचे डोळे वाहू लागले. “जन्मात कुणासमोर नमतं घेतलं नाहीत, आणि माझ्यासाठी एवढं?”

या बाईवर आपला किती जीव आहे हे इतक्या वर्षांत तात्यारावांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि आता पोरांसमोर सांगणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी आपला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

भाग्यश्री उठली. तिनं सासऱ्यांना हाताला धरून प्रेससमोर बसवलं आणि पुंगळ्यांचा ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. रविवारची काडतुसं तुम्हीच भरणार, तुम्ही भरलेल्यांशिवाय मी दुसरी चालवणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. नाकडोळे पुशीत गोदाबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या.

तात्यारावांनी हँडलवर हात ठेवला. हात आता खरोखरच थरथरत होता, सगळ्यांना दिसेल इतका. त्यांनी हँडल ओढलं, काडतूस काढून गेजखाली ठेवलं आणि फिरवलं. काटा जागचा हलला नाही.