वाळुंजाच्या काठीवरचा राजा

मी एक जुनी काठी आहे. माझ्याविना एका प्राचीन देशाचा इतिहास लंगडा आहे.

मित्रांनो, हे दुसरं वाक्य माझं नव्हे. माझ्यासमोर एक पितळी पाटी होती, तिच्यावर ते कोरलेलं होतं. काठी आणि लंगडा यांत काही विनोद आहे, हे कोरून घेणाऱ्याला कळलं नसावं. ती पाटी आता संग्रहालयाच्या कचेरीत चहाच्या किटलीखाली असते. गरम किटलीने टेबलाचं लाकूड खराब होतं, म्हणून.

माझा जन्म मध्य आशियातल्या झरफशान नदीच्या काठी झाला. मी वाळुंजाची फांदी होते. पाण्याकडे वाकून उभं राहायचं आणि वाऱ्याबरोबर हलायचं, एवढंच काम होतं आणि ते मला जमत होतं. मग एके दिवशी खालच्या शहरातले लोक घोडी, गाढवं, पीठ, बायकामुलं घेऊन वरच्या गडावर चढू लागले. पश्चिमेकडून फौज येत होती. चढता चढता कोणीतरी मला तोडलं. गडावर नेऊन साल सोलली, एक बाजू तासून सपाट केली आणि इतर फांद्यांबरोबर कोपऱ्यात टाकून दिलं.

तिथे मला पहिल्यांदा ते दिसलं.

ते म्हणजे कातडं. मेंढीचं, पण असं घासून मऊ केलेलं की जन्मात कधी मेंढीच्या अंगावर नव्हतंच, असा त्याचा थाट. गडावरचा कागद संपत आला होता. राजाचा हुकूम कातड्यावर लिहायचा आणि बाकी सगळ्यांचं काठीवर, असा लेखनिकाने नियम केला. नियम साधा होता. त्या दिवसापासून आजवर माझ्या अंगाची जी लाही होते आहे, ती या साध्या नियमामुळे.

माझ्यावर लिहून घ्यायला एक शिपाई आला. तरुण होता. टोपी हातात घेऊन तो लेखनिकाच्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात काही सांगू लागला. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. नेमक्या त्याच वेळी शेजारी कातड्याला ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर राजाची मोहोर उठवत होते, आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं. मोहोर गोल होती. मुकुट घातलेल्या माणसाचं तोंड होतं तिच्यावर. मला मात्र लेखनिकाने दोन ओळींत उरकलं, फुंकर मारली आणि बाजूला ठेवलं. मला वाचता येत नाही. शिवाय लिहिलं माझ्या पाठीवर.

पुढे काय झालं ते तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. नसेल वाचलं तर त्यात तुमचा दोष नाही. आमच्या सुग्द देशाचा इतिहास आम्ही सोडून सगळ्यांनी लिहिला आहे. पूर्वेकडच्या दरबारी लेखकांनी लिहिलं की, ही माणसं मूल जन्मलं की त्याच्या जिभेवर साखर ठेवतात आणि तळहाताला डिंक लावतात. म्हणजे बोलणं गोड होतं आणि हातात आलेला पैसा सुटत नाही. पश्चिमेकडच्यांनीही आमच्याबद्दल पुष्कळ लिहिलं, पण ते आम्हाला जिंकून झाल्यावर. आमचं स्वतःचं म्हणाल, तर गडाच्या ढिगाऱ्यात सापडलेले काही कागद, काही कातडी आणि आम्ही काठ्या. एवढ्यावर एक देश उभा करायचा म्हणजे विद्वानांनाही थोडं पदरचं घालावं लागतं.

बारा शतकं मी मातीखाली होते. त्या काळाबद्दल तक्रार नाही. अंधारात कोणाला काय मिळालं ते दिसत नाही.

मला बाहेर काढल्यावर नदीकाठच्या आमच्या गावात संग्रहालय झालं, आणि मला काचेच्या पेटीत ठेवलं. त्याच पेटीत, माझ्या डाव्या हाताला, ते कातडं. मोहोरेसकट. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापुढे थांबायचा. शाळेची मुलं यायची, बाई मोहोर दाखवायच्या आणि मुलं काचेला नाक लावून माझी जागा वाफेने धुरकट करून टाकायची. त्यांना वाटायचं, मी पेटीचा टेकू आहे.

मग असोमुद्दिन मुअल्लिम आले. मुअल्लिम म्हणजे आमच्याकडे मास्तर. गावातला शिकलेला माणूस मेल्यावरही मुअल्लिमच राहतो. त्या वेळी ते तरुण होते. कातड्याबद्दल थोरामोठ्या विद्वानांनी आधीच लिहून ठेवलेलं, म्हणून त्यांच्या वाट्याला काठी आली. कित्येक महिने ते भिंग घेऊन माझ्यावर वाकून असत. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की, माझ्यावर एका अज्ञात राजाचं नाव आहे. झघनी.

त्यांनी मला असं वाचलं : ‘झघनी उंचावर आहे. मी परत येईपर्यंत त्याला कोणी खाली उतरवू नये.’

मुअल्लिमांचा अर्थ असा. उंचावर म्हणजे सिंहासनावर. उतरवू नये म्हणजे पदच्युत करू नये. आणि ‘मी’ म्हणजे कुमक आणायला निघालेला त्याचा सेनापती. सुग्दचा हा शेवटचा, निष्ठावंतांनी वेढलेला, इतिहासाने विसरलेला राजा. मित्रांनो, हे ऐकून मी किती सरळ झाले म्हणून सांगू! काठी असून आणखी सरळ होता येतं, हे मला तेव्हा कळलं. कातड्यावर राजा होता खरा, पण मजकूर घोड्यांच्या वैरणीचा. माझ्यावर आख्खी गादी होती.

त्यानंतरची वर्षं माझी होती. पितळी पाटी आली. मुअल्लिमांचा ग्रंथ आला, त्याच्या मुखपृष्ठावर मी. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला राजा झघनीचं नाव मिळालं. त्या रस्त्यावरच्या रोट्या भाजणाऱ्या नानवाईने आपल्या दुकानावर ‘झघनी’ अशी पाटी लावली, तेव्हा मुअल्लिम जाऊन त्याला रागावून आले म्हणे. राजाच्या नावाने तंदूर पेटवतोस, लाज नाही वाटत?

एवढं सगळं असून माझ्या मनाला स्वास्थ्य नव्हतं. कारण लोक माझ्यासमोर उभे राहून मान डोलवायचे, आणि मग मोहोर बघायला डावीकडे सरकायचे.

कातड्याची बाजू घेणाऱ्या होत्या झेबुनिसो अपा. अपा म्हणजे ताई. त्या आणि मुअल्लिम एकाच वर्गात शिकलेले, एकाच कचेरीत समोरासमोर बसून म्हातारे झालेले. एकमेकांना चहा ओतून देताना आमच्याकडे पेला अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा ओतून मान देता येतो. झेबुनिसो अपा मुअल्लिमांचा पेला काठोकाठ भरत. घ्या, प्या आणि उठा, असा त्याचा अर्थ.

गेल्या वर्षी राजधानीहून निरोप आला. तिथे नवं दालन होणार होतं, संगमरवरी. आमच्या संग्रहालयातून एक लेख पाठवायचा होता. एकच. कायमचा, स्वतंत्र पेटीत, स्वतंत्र दिव्याखाली.

स्वतंत्र. मित्रांनो, हा शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. डाव्या बाजूला कोणीही नाही, अशी पेटी. मी मनाने केव्हाच राजधानीत पोचले. मुअल्लिमही पोचले होते. त्यांनी कोट इस्त्रीला दिला. झेबुनिसो अपांनी मात्र माझा मोठा करून छापलेला फोटो मागवला आणि रोज दुपारी त्यावर भिंग फिरवू लागल्या. माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे. त्यांना माझ्यात खोट हवी होती. शोध घेणाऱ्या माणसाला मत्सरासारखा चष्मा नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

निवड करायला राजधानीहून तोहिर अका आले. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे अका म्हणतात, आणि हे तर साहेबच होते. त्यांच्यासाठी मागच्या अंगणात कढईभर पुलाव चढवला होता. त्याचा वास दालनात येत असल्यामुळे त्यांना निर्णयाची घाई होती. मुअल्लिमांनी राजा झघनीचा इतिहास सांगितला. सुरुवातीपासून. तोहिर अकांनी मधे एकदा, राजाला मुलंबाळं किती होती, असं विचारून पाहिलं. तेही मुअल्लिमांनी अंदाजे सांगितलं.

मग झेबुनिसो अपा बोलल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. आमच्या त्या जुन्या लिपीत घाईने लिहिलं तर ‘झ’ आणि ‘न’ यांचा आकार एकच होतो, हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे, असं त्या म्हणाल्या. कोणता ते शब्दावरून ठरवायचं. मुअल्लिमांच्या राजाच्या नावात हा आकार दोनदा येतो, एकदा सुरुवातीला आणि एकदा मधे. सुरुवातीला मुअल्लिम त्याला ‘झ’ म्हणतात आणि मधे ‘न’ म्हणतात. का बरं? लेखनिक एक, दौत एक, शब्द एक. दोन्हीकडे ‘न’ वाचून बघा.

तोहिर अकांनी ओठांतल्या ओठांत वाचलं. नघनी.

‘नघनी’ हा आमच्या जुन्या भाषेतला अगदी साधा शब्द आहे. त्याचाच घासून घासून आज नान झाला.

“नान?” तोहिर अका म्हणाले. “सिंहासनावर नान?”

“सिंहासन कुठे लिहिलंय?” अपा म्हणाल्या. “उंचावर लिहिलंय. नान उंचावर आहे. मी परत येईपर्यंत त्याला कोणी खाली उतरवू नये.”

मित्रांनो, तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून हे सांगायला हवं. आमच्याकडे घरातलं माणूस लांब निघालं, सैन्यात किंवा परमुलखात कामाला, की आई त्याच्यापुढे ताजा नान धरते. तो एक घास तोडतो. उरलेला नान भिंतीवर उंच टांगून ठेवतात. तो परत येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. परत येऊन उरलेला त्यानेच खायचा असतो. आमच्या गावात असं घर नाही, ज्याच्या भिंतीवर एखादा वाळका, चावलेला नान नाही. सगळी तरुण पोरं परमुलखात विटा रचत असतात.

मुअल्लिम हसले. मोठ्याने नाही. म्हणाले, “झेबुनिसो, तुला राजा नकोच होता. तू पहिल्यापासून अशीच. मला बक्षीस मिळालं की तुझं डोकं दुखायचं.”

“दुखायचं,” अपा म्हणाल्या. “अजून दुखतं. पण तुम्ही घरी गेलात की जरा वर बघा.”

मुअल्लिमांच्या मुलाचं नाव शुहरत. तो परमुलखात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी फोन यायचे, मग सणासुदीला यायचे, मग यायचे थांबले. हे सगळं गावाला माहीत होतं, आणि अपांना तर कचेरीत रोज समोर बसून माहीत होतं. तोहिर अकांनी घसा साफ केला आणि पुलाव गार होईल, असं सुचवलं. जेवताना कातड्याचं नाव नक्की झालं. मोहोर म्हणजे मोहोर, तिथे ‘झ’ आणि ‘न’ची भानगड नाही, असं ते म्हणाले म्हणे.

दुसऱ्या दिवशी मुअल्लिम लवकर आले. अपा पेटीपाशीच होत्या, कातड्यासाठी माप घेत होत्या. मुअल्लिम येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“काल रात्री घरी जेवताना वर बघितलं,” ते म्हणाले.

“मग?”

“काळा पडलाय. जाळी धरलीय. पण त्याचे दात दिसतात अजून.” थोड्या वेळाने म्हणाले, “पुढचा एक दात वाकडा होता ना त्याचा. तोसुद्धा दिसतो. इतकी वर्षं मी त्याच्याखाली बसून झघनीचा वंशवृक्ष काढत होतो.”

अपांनी मापाची फीत गुंडाळून ठेवली. मग जाऊन चहा आणला. पेला अर्धाच भरला होता.

पाटी मुअल्लिमांनी स्वतः काढली.

आता तुम्ही म्हणाल, या काठीला समाधान वाटलं असेल. एका शिपायाचं मन आपण जपून ठेवलं, वगैरे. मी त्या शिपायाचा विचार केला, नाही असं नाही. घरच्यांना निरोप म्हणून त्याने मला लिहून घेतलं, पण मी तर गडाच्या ढिगाऱ्यातच सापडले. म्हणजे खाली त्याच्या गावी कोणी मला नेलंच नाही. त्याच्या घरच्यांनी तो नान किती दिवस टांगून ठेवला, की पहिल्याच उपासमारीत उतरवून खाल्ला, ते कोणत्याच लेखात नाही. पूर्वेकडच्यांनी लिहिलं नाही, पश्चिमेकडच्यांनीही नाही. हे मनात आलं की मला सालीखालून गारठा चढतो. आणि मला साल नाही.

पण मग ते कातडं बांधताना दिसलं. आधी पातळ कागद, मग कापूस, मग मखमल, मग खोकं. चार माणसांनी उचललं. कापूस, मित्रांनो! मला आणलं होतं बटाट्याच्या पोत्यातून. कागदात जाण्याआधी मोहोरेवरचा तो मुकुटवाला माझ्याकडे बघत होता. हसला नाही, पण न हसण्याची एक पद्धत असते. मी राजाची काठी असते, तर आज त्या कापसात मी असते. एका अक्षराने, एका फरकाट्याने माझी गादी गेली. नानाचं मोल मला समजतं. आमच्याकडे नान पालथा ठेवत नाहीत, रस्त्यात पडलेला दिसला तर उचलून कपाळाला लावतात. तरीसुद्धा राजा तो राजा.

रस्त्याचं नाव बदललं नाही, कारण पत्रव्यवहार कोण करणार? नानवाईची पाटीही तशीच आहे. साऱ्या गावात आता तो एकटाच बरोबर आहे, आणि तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो.

शेवटी तुम्हाला काही उपदेश करावा, अशी रीत आहे. जुन्या वस्तू जपा, धूळ झटका, काचेला नाक लावू नका, हे सगळं आहेच. पण माझं तुम्हाला खरं सांगणं वेगळं आहे. मित्रांनो, अक्षर नीट काढत जा. मागे कोणीतरी मोहोर उठवत असेल, घाई असेल, खाली फौज आली असेल, तरी ‘झ’ला ‘झ’सारखा आणि ‘न’ला ‘न’सारखा काढा. तुम्ही निघून जाता, आणि तुमच्या आळसाचं फळ आम्हाला काचेच्या पेटीत उभं राहून भोगावं लागतं.

डाव्या हाताची जागा आता मोकळी आहे. येणारे लोक तरीही आधी तिकडेच बघतात.

राजधानीतल्या त्या दालनाच्या छताला गळती आहे. ते अजून उघडलेलं नाही, आणि कातड्याचं खोकंही.