तिघांचा एकच धडा

दरसाल शाळेतनं आमचं नाव कापलं जायचं. दरसाल! दिवाळी झाली की आम्ही गाव सोडून मिठागरावर जायचो, खोपटी बांधून राहायचो आणि पावसाच्या तोंडावर परत यायचो. तोवर मास्तरांनी हजेरीपटावर लाल रेघ मारलेली असायची. मीठ काय शाळेला सुट्टी बघून पिकतं? पण हे मास्तरांना सांगणार कोण? बापूस त्यांच्यासमोर उभा राहिला की नुसता डोकं खाजवायचा.

म्हणून आयने आम्हाला आगरावरच शिकवायला घेतलं. आय म्हणजे सगुणा, मुंबईला चौथीपर्यंत शिकलेली. तिचा बाप गिरणीत होता ना, म्हणून. आम्ही तिघं भावंडं. चांगदेव थोरला, तेरा वर्षांचा, त्याला आम्ही दादूस म्हणायचो. मधली मी, राही, अकरा वर्षांची. धाकटी मैना सात वर्षांची. आणि तिघांत पुस्तक एकच, दादूसचं चौथीचं, कोपरे उंदरांनी खाल्लेलं.

आयने त्यातनं वाट काढली. धडा एक आणि कामं तीन. नद्यांचा धडा असला की मैनाने ओल्या चिखलात काटकीने 'न' काढायचा, मी नद्यांची नावं लिहायची आणि दादूसने कुठली नदी कुठनं येते ते सांगायचं. मिठाचे ढीग मैनाने मोजायचे, मी त्याचा गुणाकार करायचा, दादूसने सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, लावायची. शेजारच्या आगरातल्या बायका बघायला यायच्या. "सगुणे, तू तर मास्तरीण झालीस गो!" म्हणायच्या. आय हसायची. खोटं कशाला बोलू, मलाही ते दिवस आवडायचे.

आता यात घोटाळा कुठे झाला ते सांगते. हंगामाच्या सुरुवातीला कोंडीची, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्याची, जमीन पायाने तुडवून घट्ट करावी लागते. नाहीतर मिठात चिखल येतो. घरातली सगळी माणसं एका रांगेत उभी राहतात, एकमेकांच्या कमरेला धरतात आणि एका तालात पाय मारतात. महिनाभर हेच काम. आय म्हणाली, मग पाढेही तालावरच म्हणा. डावा पाय, उजवा पाय, बे एके बे, बे दुणे चार. पावकी, निमकी, सवायकी, सगळं आम्ही पायांनी पाठ केलं. आय रांगेच्या टोकाला असायची आणि ऐकायची. काय ऐकायची? रांग ऐकायची! मुकादम ऐकतो तशी. ताल चुकला नाही म्हणजे सगळ्यांना येतंय.

दादूसला येत नव्हतं. तो माझ्या पुढे असायचा आणि मी शब्द उच्चारला की अर्ध्या श्वासाने उशिरा तोंड हलवायचा. दुपारी पुस्तकाला बसलो की मी त्याच्या पाठीमागे बसून हळूच सांगायची. कारण आयचा कायदा असा, की एक अडला तर तिघांनी पुन्हा पहिल्यापासून. एप्रिलच्या उन्हात पुन्हा पहिल्यापासून! कोण करील? सांगून मोकळी व्हायची मी.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात मामाचा निरोप आला. मामा पेणला राहायचा. एका पोराला ठेवून घेतो, पाचवीत घालतो, म्हणाला. एकालाच, दोघांना जागा नव्हती. बापूस, काळूराम त्याचं नाव, रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "मास्तर तोंडी परीक्षा घेऊन दाखला देतो बोलला हाय. जो पास व्हईल तो जाईल."

"आणि दोघं पास झालो तर?" मी विचारलं.

"तर चांगदेव. तो थोरला हाय."

ठीक आहे, म्हटलं. मला माझ्या दादूसचं पाणी माहीत होतं. माझ्याशिवाय तो दोन मिनिटं टिकणार नव्हता. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आत्तापर्यंत आयुष्यात एवढं सोपं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. पेणची शाळा, पाचवी, माझं स्वतःचं पुस्तक. मी त्या आठवड्यात झोपेतही पाढे म्हणत होते, असं मैना सांगते.

परीक्षेला आय आम्हा दोघांना घेऊन गावात आली. मास्तरांनी दादूसला आत बोलावलं आणि मला दारात थांबवलं. "आधी थोरल्याचं बघू," म्हणाले. मास्तरांच्या टेबलावर एक दाखल्याचं पुस्तक, शाईची दौत आणि अर्धा खाल्लेला पेरू होता. आय दाराबाहेर ओटीवर बसली.

"सोळा सवे?" मास्तरांनी विचारलं.

दादूस उभा. पाय हलत नव्हते ना, मग तोंड कुठनं हलणार! त्याने मान वळवून दाराकडे बघितलं, माझ्याकडे. मी जमिनीकडे बघितलं.

"सोळा दिडे?"

गप्प.

"बरं, कुलाबा जिल्ह्यातल्या नद्या सांग."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी दात आवळून उभी राहिले. अजून थोडं, मग माझा नंबर.

तेवढ्यात मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. आयकडे बघून म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही सांगत होतात, रोज धडे घेते, तिघं एका सुरात म्हणतात. कसले धडे? तुम्हा मीठवाल्यांची अक्कल पायांत. मुंबईला चौथी झाली म्हणजे बाई मास्तरीण होत नाही."

आयने पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघितलं. माझी आय! एप्रिलच्या उन्हात, हाताला मिठाच्या भेगा, त्या हातात फाटकं पुस्तक धरून तिने आम्हाला शिकवलं होतं आणि हा पेरू खाणारा बसल्या जागी तिची लाज काढत होता. माझ्या डोक्यात सणक गेली.

"सोळा सवे वीस!" मी दारातनं ओरडले. "सोळा दिडे चोवीस! सतरा सवे सव्वाएकवीस! पाताळगंगा, अंबा, भोगावती, कुंडलिका, सावित्री! अजून इचारा! इचारा ना, गप कनाला बसलाव?"

मास्तरांनी विचारलं. अपूर्णांक विचारले, दिशा विचारल्या, दहा ओळींची कविता विचारली. मी एका दमात सगळं ओकले. मास्तर आता वेगळे हसले, चांगले हसले. पेन उचललं, दाखला भरला, टीपकागद दाबला आणि आयच्या हातात दिला.

आयने वाचला. मी तिच्या खांद्यावरनं वाचला. चांगदेव काळूराम. चौथी उत्तीर्ण.

"आणि माझी परीक्षा?" मी म्हटलं.

"झाली की आत्ता," मास्तर म्हणाले. "घर एकच ना तुमचं? उत्तरं घरातलीच आहेत. पोरगा अडखळला थोडा, घाबरला असेल, होतं असं. तुझ्या आईला एकच दाखला हवा होता. नशीब समज, मी खडूस नाही."

उपकार केले हो त्यांनी! उरलेला पेरू खाऊन ते उठलेसुद्धा.

बांधावरनं परत येताना दादूस बराच पुढे गेला होता. मी आयचा पदर ओढला. "तू कायच का बोलली न्हाय? तुना दिसलं ना, उत्तरं कोनी दिली?"

"मना पयल्यापासून ठावूक हाय," आय म्हणाली. "तू त्याला मागनं सांगतंस ते."

मी जागच्या जागी थांबले. "मंग?"

"मंग काय? तुना पेणला धाडली असती तर बापूस दोन वर्सांनी लगीन ठरवून परत आननार होता. त्याला न्हाय आननार. एकच जागा हाय, बाय. मी ती फुकट घालवू?"

खरं बोलली ती. म्हणूनच मला इतका राग आला. खोटं बोलली असती तर मी भांडून जिंकले असते. तेव्हा मी नुसती किंचाळले, "तू माझी मास्तरीण होतीस!" आणि पळत सुटले. तिसऱ्या दिवशी दादूस पेणला गेला. जाताना तो रडला आणि मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

पुढल्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा आगरावर. कोंडी तुडवायला रांगेत बापूस, आय, मी आणि शेवटी मैना. पाय सुरू झाले, आयने सातचा पाढा धरून दिला आणि नेहमीसारखी ऐकत राहिली. मी तोंड मिटून घेतलं. सात एके सात झालं, सात दुणे चौदा झालं, आणि आवाज बंद. नुसते पाय वाजत होते.

"मैने, पुढं?" मी विचारलं.

"मना न्हाय येत," मैना म्हणाली. "तू बोल ना, मंग मना येतंय."

माझ्या कमरेवरचे तिचे इवलेसे हात मी सोडवले. म्हणजे हिलाही नव्हतंच येत! सगळ्या आगराला ऐकू जायचा तो आवाज एकट्या माझाच होता. मैना रडायला लागली. आय वळली. "राहू दे गो, ल्हान हाय ती."

"ल्हान न्हाय," मी म्हटलं. "आठ वर्सांची हाय. आता रांगेत न्हाय, ती बांधावर एकटी उभी राहून बोलंल. चुकली तर एकटी चुकंल. आनि तिच्या परीक्षेला मास्तराच्या कागदावर तिचंच नाव मी सोता लिहून घेईन, मंग तिना उत्तरं सांगाया दारात थांबनार न्हाय. घरी येईन."

"आनि तू?" आयने विचारलं.

"माझं तू केलंस ना काय ते," मी म्हटलं आणि मैनाला उचलून बांधावर उभी केली.