गळ्यातलं कार्ड

नाहिदने निळ्या पट्टीचं कार्ड चतुराबाईच्या डोक्यावरून खाली ओढलं, पण पट्टी अंबाड्यात अडकली ती अडकलीच.

"थांबा मावशी, हलू नका."

"मी कुठं हलून राहिले? तूच हलून राहिलीस," चतुराबाई म्हणाली. "सकाळधरनं एका जागी उभी न्हाईस."

यात खोटं काही नव्हतं. साडेसातपासून नाहिद तीन वेळा जिना चढून उतरली होती. भिंतीवरची चित्रं दोनदा सरळ केली होती. खालच्या खताच्या गोदामाचं शटर आज दिवसभर बंद ठेवा म्हणून मालकाच्या हातापाया पडून आली होती. तरी दमट हवेत युरियाचा वास वर यायचा तो येतच होता. त्याच्यावर उदबत्त्यांचा उतारा केला, तर वर्गात कुणाचं तरी वर्षश्राद्ध असल्यासारखं वाटायला लागलं. मग तिने उदबत्त्याही विझवल्या.

पट्टी सुटली. चतुराबाईने कार्ड हातात घेतलं, आधी लांब धरलं, मग डोळ्यांजवळ आणलं.

"फोटो बरा निघालाय. काय लिवलंय गं यावर?"

"वर कॉलेजचं नाव. मग तुमचं. चतुराबाई जळबा खिल्लारे."

"आन् खाली?"

खाली 'मदतनीस' असं छापलेलं होतं.

"खाली पत्ता," नाहिद म्हणाली आणि लगेच खिडकीकडे वळली, जणू रस्त्यावर कमिटीची गाडी येऊन थांबलीच होती. रस्त्यावर एक टमटम आणि दोन शेळ्या होत्या.

"बराबर," चतुराबाई म्हणाली. तिने कार्ड पदरावर नीट बसवलं.

हिंगोलीत डिझाईन कॉलेज काढते म्हटल्यावर लोक हसले होते. शिवणक्लास म्हण की सरळ, असं सख्ख्या मामाने तोंडावर सांगितलं होतं. नाहिदचे अब्बा, कय्युम मास्तर, यांनी तीस वर्षं एका टपरीत पँटी शिवल्या. मुलगी पुण्याला शिकली, मोठ्या कंपनीत कपड्यांचे नमुने काढायला लागली, आणि तिथलं सगळं सोडून गावी परत आली. परत येऊन तिने पोरींसाठी तीन वर्षांचं पदवी कॉलेज उभं केलं, ते एकटीने आणि हट्टाने. पहिल्या तुकडीच्या एकोणीस पोरी आता तिसऱ्या वर्षाला होत्या. या वर्षी विद्यापीठाची मान्यता मिळाली नाही, तर त्यांना शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. आजची कमिटी त्याचसाठी होती.

अडचण एकच होती. कटिंग शिकवायला पदवी असलेली बाई कॉलेजात टिकत नव्हती. एक आली, आठ महिन्यांत पुण्याला गेली. दुसरीने बसस्टँड पाहिलं आणि त्याच बसने परत फिरली. मग पुसेगावची चतुराबाई आली. चोळ्या, झबली, परकर असं गावभराचं शिवणारी बाई. खणातून चोळी अशी कापायची की चिंधीसुद्धा उरायची नाही. नाहिदने तिला आठ दिवसांसाठी बोलावलं होतं, त्याला दोन वर्षं होत आली. पोरी तिला कटिंगमावशी म्हणत. मस्टरवर तिचं नाव नव्हतं. तुमची काय हजेरी घ्यायची, तुम्ही घरच्याच, असं नाहिद म्हणायची, आणि ते दोघींनाही गोड वाटायचं.

पण कमिटीला घरचं माणूस चालत नाही. म्हणून आज नांदेडहून पुजा मॅडम आल्या होत्या. त्यांच्याकडे रीतसर पदवी होती, आणि कमिट्यांच्या दिवसांत त्यांना लग्नसराईतल्या वाजंत्र्यांइतकी मागणी असे. असे पाहुणे प्राध्यापक कोण आणत नाही? नाहिदने स्वतःला हा प्रश्न रात्रीपासून इतक्या वेळा विचारला होता की आता त्याचं उत्तर ऐकायचाही तिला कंटाळा आला होता.

"मावशी, आज तुम्ही फक्त चहा-पाण्याचं बघा. वर्गात पुजा मॅडम राहतील."

"व्हय. सांगितलं की फुलसिंगनं."

फुलसिंग म्हणजे कॉलेजचा क्लार्क. म्हणजे हेही नाहिदने आधी स्वतः सांगितलं नव्हतं.

कमिटी दहाला यायची ती पावणेबाराला आली. तिघंजण होते. अध्यक्ष सर उंच, हळू बोलणारे, आणि दिसेल त्या वस्तूला हात लावून बघणारे. त्यांनी यंत्रं मोजली, ग्रंथालयातली पुस्तकं उलटी करून शिक्के पाहिले, आणि खिडकीशी थांबून नाक जरा वर केलं.

"कसला वास हो?"

"कापडाची रंगाई चालते ना सर, त्याचा," नाहिद म्हणाली. दिवसातलं हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

कटिंगच्या वर्गात पुजा मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या. फळ्यावर बाहीचा आराखडा होता, नीट आणि पुस्तकातल्यासारखा. पोरी मांजरपाटाचे तुकडे घेऊन टेबलांशी होत्या. कोपऱ्यात चतुराबाईचं कातडी बैठकीचं स्टूल होतं, आज त्यावर कपबश्यांचा ट्रे होता.

अध्यक्ष सर दिपाच्या टेबलाशी थांबले. दिपा वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी पोरगी. तिने कापडावर आधी वीत टाकली, मग दोन बोटं, मग खडूने खूण केली, आणि टेप त्यानंतर उचलली.

"हे काय? टेप आहे ना हातात?"

"सर, आधी वितीनं बघायचं. टेपवर नजर चुकली की वीत सांगते."

"वा. आणि हा तुकडा उलटा का ठेवलात?"

"पाठीच्या मुंढ्यातनं, म्हंजे बाही लावायच्या गोलातनं, जे निघतं, त्यात बाहीचा जोड बसतो. कापड वाया जात न्हाई."

सरांनी तो तुकडा स्वतः उचलून तिथे लावून पाहिला. बसला.

"हे तर कुठल्याच पुस्तकात नाही. कुणी शिकवलं?"

पंखा तेवढा कुरकुरत होता. एकोणीस पोरींच्या माना एकाच कोपऱ्याकडे वळायला लागल्या. नाहिदच्या ओठांवर पुजा मॅडमचं नाव आलं होतं, पण ते बाहेर पडेना.

"साहेब, चा घ्या. गार होऊन राहिला," चतुराबाई मध्ये आली. ट्रे तिने असा पुढे धरला की दिपा तिच्या आड गेली.

सरांनी कप घेतला. तेवढ्यात दिपाला धीर आला असावा.

"पुजा मॅडमनी, सर," ती म्हणाली. कापडाकडे बघत म्हणाली.

"उत्तम! लिहून घ्या," सर शेजारच्या सदस्याला म्हणाले, "कटिंगचं अध्यापन विशेष उल्लेखनीय." पुजा मॅडम हसल्या, मान लववली. त्यांना त्यातलं काय शिकवलंय ते विचारलं असतं तर पंचाईत झाली असती, पण कुणी विचारलं नाही.

"दुसऱ्या वर्षाच्या जर्नल्स दाखवा जरा. कटिंगच्या."

फुलसिंग कपाटाशी धावला. वरचा कप्पा उपसला, मधला उपसला. पुस्तकं पडली. चतुराबाईने ट्रे स्टुलावर ठेवला, खाली वाकून सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या पाच-सहा गठ्ठ्यांतून एक ओढला, त्याच्यावरची धूळ पदराने पुसली आणि सरांपुढे धरला. गठ्ठ्यावर चिठ्ठी होती: कटिंग, वर्ष दुसरे.

सुटलो, एवढंच नाहिदच्या मनात आलं. चतुराबाईने इतक्या गठ्ठ्यांतून नेमका तोच कसा काढला, हे तिच्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

साडेतीनला गाडीत बसताना अध्यक्ष सर म्हणाले, "पत्र आठवड्यात येईल. पोरींना अभ्यासाला लावा."

पोरींनी जिन्यात असा आरडाओरडा केला की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. कुणीतरी नाहिदला पेढा भरवला. पुजा मॅडम नांदेडला निघून गेल्या. नाहिद पेढा तोंडात धरून वर्गातून वर्गात फिरत राहिली. आता तरी बसावं, असं पाय म्हणत होते, पण कुठलीच खुर्ची तिला आपली वाटेना.

कटिंगच्या वर्गात कपबश्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. कात्र्या जागेवर होत्या. चतुराबाई नव्हती.

"गेली ती," फुलसिंग म्हणाला. "पुसेगावच्या जीपला."

"आणि कार्ड? ठेवून गेली?"

"न्हाई. गळ्यातच होतं की."

नाहिदच्या डोळ्यांसमोर चतुराबाईची नात उभी राहिली. ऐश्वर्या. सातवीतली. चतुराबाई तिचं कौतुक सांगताना थकत नसे: दुकानाची पाटी वाचती, गोळ्यांचं पाकीट वाचती, लग्नाची पत्रिका तर गल्लीभर ऐकू जाईल अशी वाचती. आज आजी कॉलेजचं कार्ड घालून घरी येणार, आणि ती पोरगी दारातच ते मोठ्याने वाचणार.

नाहिद जिना उतरली ती चप्पल नीट न घालताच. बाजारातून, टमटमांमधून वाट काढत, दोन ओळखीच्यांचे नमस्कार चुकवत जीपच्या अड्ड्यावर पोहोचली. पुसेगावची जीप भरत आली होती. मागच्या बाकावर कडेला चतुराबाई होती, मांडीवर पिशवी, गळ्यात कार्ड.

"मावशी," नाहिद धापा टाकत म्हणाली, "ते कार्ड द्या जरा. छपाईत चूक झाली आहे. नवीन करून देते."

"काय चूक झाली?"

"पत्ता. पत्ता चुकलाय."

चतुराबाई तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वर्गात एखादीने कापड वेडंवाकडं कापलं की बघायची, तसं.

"पत्ता तर लिवलाच न्हाई याच्यावर, मॅडम."

मॅडम. कमिटी तर केव्हाच गेली होती.

"दिपानं शिकवलं औंदा," चतुराबाई सांगू लागली. "कापलेले तुकडे ठिवायच्या पाकिटावर पोरी लिवत्यात ना, पाठ, पुढा, डावी बाही. दर टायमाला कुणाकुणाला इचारावं? म्हनून बसले शिकायला. जोडाक्षर आलं की आजून अडते. पन हे सोपं हाय. एकच वेलांटी हाय यात."

जीपमधल्या बायका आपापसात बोलत होत्या. कुणी ऐकत नव्हतं. नाहिदला मात्र सगळा अड्डा ऐकतोय असं वाटलं. तिला लाज वाटली, आणि ती गाडीच्या दाराच्या आणखी जवळ सरकली.

"मग सकाळी मला विचारलं कशाला?"

"तुमी काय सांगता ते बघावं म्हनलं."

नाहिदने अर्धवट घातलेल्या चपलेत पाय नीट सरकवला.

"पोरींचं झालं ना?" चतुराबाईनेच विचारलं.

"झालं."

"मग झालं. लय चांगलं झालं. कार्डाचं म्हनाल तर घातलंच असतं की मी. मावशी, अशानं असं हाय, आजचा दिस चालवून घ्या, येवढं म्हनायचं व्हतं. मी काय न्हाई म्हनले असते? पोरी माझ्या बी हायत."

तिने पट्टी डोक्यावरून काढायला घेतली. ती पुन्हा अंबाड्यात अडकली. नाहिदचा हात आपोआप पुढे गेला, पण चतुराबाईने ती स्वतःच सोडवली आणि कार्ड नाहिदच्या तळहातावर ठेवलं. उन्हात बसून ते गरम झालं होतं.

"उद्या बाह्या कापायच्या हायत पोरींच्या," ती म्हणाली. "कुन्या नावानं येऊ, तेवढं सांगा."

ड्रायव्हरने आतून गाडीवर दोन थापा मारल्या.

"मॅडम, बसायचं का? एक शीट हाय. न्हाई तर बाजूला व्हा, निघतो."

नाहिदने हातातल्या कार्डाकडे पाहिलं. फोटो खरंच बरा निघाला होता. तिकडे कॉलेजात तिच्या पोरी पेढे वाटत होत्या, आठवड्यात पत्र येणार होतं, आणि त्या पत्रात ज्या बाईचं कौतुक असणार होतं ती एव्हाना नांदेडच्या वाटेवर होती.

"सरका थोडं, मावशी," ती म्हणाली आणि आत चढली.

चतुराबाई क्षणभर हलली नाही. मग तिने पिशवी छातीशी धरली, आत सरकली, आणि बाकावर वीतभर जागा झाली. नाहिद तेवढ्या जागेत बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. काय सांगायचं ते अजून तिला सुचलं नव्हतं, पण जीप सुटली होती आणि पुसेगाव यायला वेळ होता.