भीमाचा थरकाप

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. निलंग्याच्या एका सुताराने मला घडवले आणि मी जवळच्या एका लहान पोलीस ठाण्यात आलो. चौकशीला आणलेली माणसे माझ्यावर बसत. त्यांचे बोलणे साहेब ऐकत. त्यांच्या अंगाचा कंप मला कळे.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी आमच्याकडे पाऊस जेमतेमच पडला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. त्याच दिवसांत साखराबाई नावाच्या एकट्या म्हातारीचा तिच्या घरात खून झाला. संशय दोघांवर होता. एक तिचा पुतण्या सटवाजी, दुसरा तिच्या शेतात राबणारा भीमा.

आधी सटवाजी आला. शांत बसला. "मी दिवसभर लातूरला होतो. सकाळच्या एसटीनं गेलो, दिवेलागणीला आलो." तीनदा विचारले, तीनदा तेच शब्द.

भीमा मात्र असा थरथरत होता, की माझे पाय फरशीवर खडखडू लागले. आधी म्हणाला, घरी होतो. मग म्हणाला, रानात होतो.

"खोटं बोलतोय. हाच तो," नवे फौजदार म्हणाले.

तेव्हा जमादार शेषेराव भीमाच्या शेजारी येऊन टेकले. संशयिताजवळ असे कुणी बसलेले मी प्रथमच पाहिले.

"जेवलास कवा?"

"परवा."

त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी त्याच्या हातावर ठेवली. दोन घास पोटात गेले, तसा भीमा रडू लागला.

"खोटं बोललो, जमादार. म्हातारीची घागर रिकामी व्हती. त्या दिवशी दुपारी सटवाजी मालकाच्या हिरीवर पाणी चोराया गेलो. मालक तिथं धोतर धुवत व्हते. मी झाडाआड लपलो. ते गेल्यावर घागर भरली, तिच्या दारात ठेवली, हाक मारली. ती बोललीच न्हाई."

शेषेरावांनी सटवाजीला पुन्हा बोलावले. "गावाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी भरदुपारी धोतर कशापायी धुतलं?"

सटवाजीच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली. पाठ केलेले शब्द संपले होते. मग तो खरे बोलला. विहिरीतला निम्मा हिस्सा म्हातारी सोडत नव्हती. धोतरावर तिचे रक्त उडाले होते.

भीमाला सोडले. दारात थबकून त्याने विचारले, "अन् पाणी चोरल्याचा गुन्हा?"

"निम्मी हीर तिचीच व्हती, लेकरा. तिचंच पाणी तिला नेलंस तू."

पुढे ठाण्यात लोखंडी खुर्च्या आल्या. मी मागच्या पडवीत, उन्हापावसात पडून आहे. मित्रांनो, मला कुणी रंग दिला तर बरेच वाटेल. पण त्याआधी एवढे करा. बोलताना कुणी अडखळला, तर त्याला लगेच खोटा म्हणू नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा, आणि तो कशाला भितो, ते विचारा.