मावशी पाय खाली ठेवत नाही

घोडेस्वारी क्लबाचा अर्ज भरताना ‘पेशा’ या रकान्यात मी ‘नालबंद’ असं लिहिलं. सचिवांनी तो कागद दोन बोटांत असा धरला, जणू त्याला भट्टीतून काढलेला नाल चिकटलाय.

सचिव म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून बसायची सवय, त्यामुळे समोरचा माणूस उलट बोलू शकतो हे त्यांना दर वेळी नव्याने कळतं.

"तू इथे दर दीड महिन्याला येतोसच की," ते म्हणाले. "मागच्या दाराने."

"पुढचं दार बघायचं राहिलंय."

"लोक दोन-दोन वर्षं थांबतात सभासद व्हायला."

"मला रविवारपर्यंत हवंय."

रविवारी दुपारी बारा वाजता मावशीला न्यायला ट्रक येणार होता. मावशी ही क्लबाची तेवीस वर्षांची तपकिरी घोडी. निम्मे सभासद तिच्याच पाठीवरून पडून स्वार झाले होते. आता तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि समितीने तो मंजूर केला होता. घोड्यांचा व्यापारी तिला कुठे नेणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. नियमांत एकच फट होती: म्हातारं घोडं सभासदाला हवं असेल तर पहिला हक्क त्याचा. सभासदांपैकी कुणालाही ती नको होती. माझ्या बाबांना हवी होती. पण बाबा त्या क्लबात तीस वर्षं नाल ठोकत होते, म्हणजे सभासद सोडून सगळं काही होते.

बाबांची पाठ घोड्यांखाली वाकून वाकून तशीच राहिली आहे. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "नालबंदाने घोड्याखाली राहावं. वर नाही."

"मग जाऊ दे तिला?"

"जाऊ दे. माझीही सोय कर त्या ट्रकमध्ये. वाकलेला आहेच, कमी जागेत मावेन."

"आधी सरळ उभे राहा, मग जा कुठे जायचं ते," आई आतून म्हणाली. तिने मागची शेड झाडून, त्यातली तीन मोडकी कपाटं बाहेर काढून ठेवली होती. कशासाठी, ते सांगितलं नाही. विचारलं असतं तर मलाच झाडलं असतं.

समितीपुढे माझा अर्ज गेला. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"नालबंदाला मनाई नाही."

"कुणाच्या डोक्यात आलंच नाही म्हणून नाही," सचिव म्हणाले.

"मग ती तुमच्या डोक्याची चूक. याची परीक्षा घ्या."

रविवारी सकाळी दहा वाजता. रिंगणाच्या दोन फेऱ्या, एक साध्या चालीने, एक दुडकीने. घोडा सचिवांनी निवडला: वकील. हे त्याचं नाव. प्रत्येक गोष्टीला फुरफुरून हरकत घेतो म्हणून पडलेलं.

तुला घोड्यावर बसता येतं का, असं कुणी विचारलं नाही, हे एक बरं झालं. शनिवारी दिवसभर मी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून सराव केला. स्टूल स्वभावाने गरीब होतं. रविवारी तीनदा अंघोळ केली, कारण खरी अडचण वेगळीच होती.

बाबांनी त्या तबेल्यातल्या एकेका घोड्याला शिस्त लावली होती. नालबंद जवळ आला की पुढचा डावा पाय आपणहून वर. मग मागचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चारही झाले की मानेवर थाप आणि "झालं". हा शब्द ऐकला की घोडा कुणाचीही वाट न बघता आपल्या ठाणावर जाऊन उभा. पुढे तीच शिस्त मी चालवली. घोडे माणूस ओळखतात ते वासावरून, आणि तापल्या नालाने जळलेल्या खुराचा वास नालबंदाच्या कातडीत मुरतो.

"तो जात नाही," बाबा म्हणाले. "माझ्या अंगाला लग्नातही होता."

"होता," आई म्हणाली.

घोडामैदान जवळ आलं. कठड्याला टेकून पंधरा-वीस सभासद उभे होते, कपडे इतके कडक इस्त्रीचे की वाकता येत नसावं. "खाली वाकून बघू नकोस रे, वर बसायचंय!" कुणीतरी ओरडलं. मी वकिलाजवळ गेलो. वकिलाने मला हुंगलं, उसासा टाकला आणि पुढचा डावा पाय वर घेतला.

मी तसाच रिकिबीत पाय घालून खोगिरावर चढलो. वकील तीन पायांवर उभा. टाच मारली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं: अहो, पाय धरताय ना?

"फेरी सुरू कर," सचिव म्हणाले.

"तो विचार करतोय."

"तो पाय वर करून उभा आहे!"

"विचाराची पद्धत असते एकेकाची."

पाच मिनिटांनी वकिलाने तो पाय ठेवला आणि मागचा डावा उचलला. खोगीर कललं. चारही पाय होईपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि परीक्षेत अंतर कापलं गेलं शून्य. मला घाम फुटला, त्याबरोबर वास आणखी सुटला आणि वकिलाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी मी वैतागून त्याच्या मानेवर थाप मारली आणि म्हणालो, "झालं."

वकील निघाला. सुरेख चालीने निघाला, रिंगणाच्या फाटकातून बाहेर पडला, सभासदांमधून वाट काढत तबेल्यात शिरला. ठाणाचं दार बुटकं आहे. मी त्याच्या मानेवर आडवा झालो म्हणून डोकं वाचलं, टोपी दारावरच राहिली. आत त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि गवत खायला लागला.

सचिव दारात आले. "नापास," त्यांनी टोपीला सांगितलं.

बाराला दहा कमी असताना ट्रक आला. व्यापाऱ्याने मागची फळी खाली टाकली आणि मावशीला दोरीने ओढत आणलं. मी कुठे जावं ते न सुचून फळीपाशी उभा होतो. मावशी तिथवर आली, नाकपुड्या फुगवल्या आणि पुढचा डावा पाय वर घेतला.

"चल गं," व्यापारी म्हणाला. ओढलं. ढकललं. शिव्या दिल्या, आधी घोडीला, मग सगळ्यांना. मावशी हलली नाही.

सचिवांच्या ते ध्यानात आलं. "ए, तू बाजूला हो तिथून!"

"कुठून?"

"तिथून! रस्त्यापर्यंत मागे जा!"

"नापास माणसाने कुठे उभं राहावं, त्याचाही नियम आहे का?"

सचिव पुस्तक आणायला धावले नाहीत, एवढंच. मी फळीच्या लोखंडी कडीला दोन्ही हातांनी धरलं. दोघा सभासदांनी मला काखेत हात घालून ओढलं. पण घोड्यांचे पाय मांडीत धरणाऱ्याच्या हातातून कडी सोडवणं हे टेनिस खेळणाऱ्यांचं काम नाही. एकाचं बटण तुटलं. त्याचा दोष मावशीला दिला गेला.

पाऊण तासाने व्यापाऱ्याने घड्याळ पाहिलं. "मला दोन ठिकाणी जायचंय. तीन पायांचं जनावर नको मला. तुम्हीच पोसा." त्याने फळी वर घेतली, आणि गेला.

मावशीने मागचा डावा पाय उचलला.

"आता हिचं काय करायचं?" सचिव दातांवर दात ठेवून म्हणाले.

"याला सभासद करा," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि दोघांनाही घालवा."

"हा नापास आहे!"

"वर बसून नापास आहे. खाली उभा राहून एकट्याने क्लब बंद पाडलाय. लिहा."

सचिवांनी लिहिलं. पेन कागदाच्या आरपार गेलं.

तरी घोडं अडलंच. मी दोरी धरली की मावशी पाय उचलायची, आणि "झालं" म्हटलं की वळून थेट क्लबातल्या आपल्या ठाणावर. दोनदा सभासदांनी तिला आतून परत आणलं. घोड्यांची निगा राखणारे साईस बारालाच सुट्टी होऊन गेले होते.

"डॉक्टर, तुम्ही हिच्यावरच शिकलात ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "सहा वेळा पडलात. ती तुम्हाला विसरली नसणार. न्या."

त्या रविवारी दातांचे डॉक्टर चकचकीत बूट घालून बाजारातून, शाळेवरून, स्वतःच्या दवाखान्यावरून एक म्हातारी घोडी घेऊन चालत गेले. मी पन्नास पावलं मागे, वारा माझा वास तिच्याकडे नेणार नाही अशा बाजूला.

"मागेच आहेस ना?" ते न वळता ओरडायचे.

"आहे!"

"पुढे आलास तर याद राख!"

बाबा दारात उभे होते. मावशीने त्यांना पाहिलं, कान टवकारले आणि पुढचा डावा पाय वर घेतला. बाबांना वाकावं लागलं नाही. त्यांनी तो खूर मांडीवर घेतला आणि अंगठा फिरवला.

"हा नाल कुणी ठोकला?"

"मी."

"दिसतंच आहे. कानस आण."

सचिवांनी दोरी माझ्याकडे धरली. "मी निघतो."

"कुठे निघालात?" बाबा खुरावरून नजर न काढता म्हणाले. "धरा नीट. अजून तीन पाय आहेत."