सतरा नंबरचा हिरवा ठिपका

आमच्या ॲपला एकच बटण आहे: ‘गोळी घेतली’. ते केवढं असावं यावर आम्ही तीन बैठका घातल्या आणि दोनदा भांडलो. ‘नाही घेतली’ असंही एक बटण हवं, असं आमच्या सिस्टर म्हणाल्या होत्या. मी ते उडवून लावलं. पेशंटला नकाराची सवय लावायची नसते, असं म्हणालो, आणि सगळ्या टेबलानं माना डोलावल्या. सिस्टरांना संशोधनातलं काय कळतं? त्या आपल्या बारा वर्षं टीबीच्या पेशंटांच्या दारोदार फिरून त्यांच्या तोंडाकडे बघत आलेल्या.

आता आम्ही त्यांना खुर्ची दिली आहे. समोर मोठा पडदा, पडद्यावर दोनशे ठिपके. बटण दाबलं की पेशंट हिरवा. दुपारपर्यंत नाही दाबलं तर लाल, आणि लाल झाला की त्याला आपोआप फोन जातो, माझ्या आवाजात: ‘नमस्कार. आपण आजची गोळी घेतलेली नाही. कृपया गोळी घ्यावी. धन्यवाद.’ सलग तीन दिवस लाल राहिला तरच माणूस पाठवायचा. चौथ्या महिन्यात जवळजवळ सगळा पडदा हिरवागार झाला आणि आमचे साहेब त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेऊ लागले.

सगळ्यांत गुणी ठिपका सतरा नंबरचा. ती माझी आई. तिला टीबी निघाला तेव्हा मीच फोनवर ॲप टाकून दिलं, कामाच्या वेळी फोन करू नकोस एवढं बजावलं आणि निघालो. त्यानंतर चार महिने घरी फिरकलो नाही. जायचं कशाला? रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती हिरवी व्हायची. आई कशी आहे, असं कुणी विचारलं तर मी पडद्याकडे बोट दाखवायचो.

मग परिषद ठरली. शेवटच्या स्लाइडवर एखाद्या आदर्श पेशंटचा हसरा फोटो हवा, असं साहेबांनी फर्मावलं. म्हणून गेलो. लपवत नाही, आईला बघायला नव्हे, फोटोसाठी गेलो.

दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, घर चुकलो. आईच्या गळ्याची हाडं वर आली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. “ये,” म्हणाली आणि खोकायला लागली, ती भिंतीला धरूनच थांबली. तेवढ्यात आठ वाजले, फोन किणकिणला. तिनं जाऊन बटण दाबलं आणि फोन जागेवर ठेवला. पाण्याच्या भांड्याकडे वळलीसुद्धा नाही.

“आणि गोळी?”

“संपल्या. बारा दिवस झाले.”

“अगं, मग बटण कशाला दाबतेस?” मी ओरडलोच.

“ओरडतोस काय? तुला सांगितलं होतं की! पहिल्या दिवशी नाही दाबलं, तर दुपारी तुझा फोन आला. मी म्हटलं, गोळ्या संपल्यात रे, पुढची पाकिटं आलीच नाहीत. तू धन्यवाद म्हणालास आणि ठेवलास.” ती दम घ्यायला थांबली. “मला ‘आपण’ म्हणालास. म्हटलं, समोर कुणी मोठं माणूस बसलं असेल. मग रोज दाबत राहिले. तुला पुन्हा पुन्हा कामातून कशाला उठवा?”

तो फोन मी केलाच नव्हता, हे सांगायची हिंमत होईना. मी सिस्टरांना फोन लावला.

“सतरा नंबरच्या गोळ्या का नाही पाठवल्या?”

“सर, सतरा नंबर हिरवा आहे. पाकीट संपलं की पेशंट लाल होतो, तीन दिवस थांबायचं, मग पाठवायचं. तुम्हीच लिहून दिलंय.”

“अहो, ती माझी आई आहे!”

“माहीत आहे, सर. म्हणून दोनदा विचारलं होतं, घरी जाऊन बघून येऊ का? तुम्ही म्हणालात, हिरव्यांकडे जायचं नाही, आकडे बिघडतात.”

म्हणालो होतो. मला माझीच शिसारी आली.

“आत्ताच्या आत्ता लाल करा तिला,” मी म्हणालो.

“करते. आणि गोळ्या घेऊन मीच निघते. थुंकीची तपासणीही पुन्हा करावी लागेल, सर.”

मी फोन ठेवतो न ठेवतो तोच आईचा वाजला. तिनं तो कानाला लावला आणि मला हातानं गप्प राहायची खूण केली. आतून माझा आवाज येत होता. नमस्कार, आपण आजची गोळी घेतलेली नाही. मी तिच्यासमोर तोंड मिटून उभा होतो. आईची नजर माझ्या ओठांवर आली आणि तिथंच राहिली. धन्यवादपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं.

आता ही रडणार, असं मला वाटलं. पण तिचा चेहरा एकदम उजळला.

“म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं होय?” ती म्हणाली. “आणि मी बारा दिवस समजत होते, कळूनही आला नाहीस.”