आठव्या डावातला आकडा

सकाळचे सात वाजले होते आणि ॲरिझोनाचं ऊन तेवढ्यातच अंगावर यायला लागलं होतं. वेंडेल हास्कॅम्प टोपी पुढे ओढून जाळीमागच्या बाकावर बसला. बेसबॉल क्लबने ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, उचललेली नवी पोरं दर जुलैत इथे जमतात. तीन दिवस त्यांना पळवतात, फेकायला लावतात, डोक्यापासून पायापर्यंत मोजून काढतात. आणि गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्या ज्या स्काउटने ज्याचं नाव सुचवलं त्याने समोर बसून ते सगळं बघायचं, असा रिवाज. पोर चमकलं तर पाठीवर थाप पडते, नाही चमकलं तर सगळे मान वळवून स्काउटकडे बघतात.

वेंडेल तेहतीस वर्षं हे काम करत होता. नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा, ही तीन राज्यं त्याच्याकडे. वर्षाला चाळीस हजार मैल गाडी, मोटेलातली सपक अंडी आणि जाळीमागची थंडी. पूर्वी क्लबकडे असे अकराजण होते. मग मैदानांवर कॅमेरे आले आणि आता तीन उरले. तेही एवढ्याचसाठी, की जिथे कॅमेरा बसवणं परवडत नाही अशी मैदानं अजून शिल्लक आहेत.

असल्याच एका मैदानावर त्याला जोएल व्राना सापडला होता. वीस वर्षांचा, डाव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, नेब्रास्काच्या पश्चिम टोकाच्या एका छोट्या कॉलेजातला. तिथे कुंपणाच्या पलीकडे गुरं चरतात आणि मोठा फटका बसला की चेंडू शोधायला त्यांच्यात शिरावं लागतं. बाकीच्या क्लबांच्या यादीतही पोराचं नाव होतं, पण खूप खाली. वेंडेलने मात्र त्याला भरभरून मार्क दिले. या धंद्यात मार्क वीस ते ऐंशी देतात. पन्नास म्हणजे बरा, साठ लिहायचं तर माणूस दोनदा विचार करतो. वेंडेलने वेगाला साठ आणि दमसासाला सत्तर लिहिले, आणि त्या सत्तराच्या जोरावर क्लबने पोराला नवव्या फेरीत उचललं.

आता तोच जोएल माउंडवर, पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, उभा होता. त्याने पहिला चेंडू टाकला. फलकावर ताशी सत्त्याऐंशी मैल. पुढचा शहाऐंशी. तिसऱ्याला त्याने सगळा जोर लावला, ओठ दाताखाली धरला, तेव्हा कुठे अठ्ठ्याऐंशी आले.

पिचिंग कोच उर्दानेता शेजारी येऊन टेकला. हा व्हेनेझुएलाचा, जिभेला हाड नसलेला.

"काय हो काका, पंच्याण्णववाला पोरगा येणार होता ना? त्याने धाकट्या भावाला पाठवलं की काय?"

"अंग मोकळं झालं नसेल अजून."

"या भट्टीत? इथे माझ्या गाडीचं स्टिअरिंग मऊ होतंय." मग त्याने आवाज उतरवला. "काल त्याच्या कोपराचे फोटो काढलेत. मार्गोने तुम्हाला दहाला बोलावलंय. काही सांगण्यासारखं असेल तर आत्ताच जाऊन सांगा. मीटिंग सुरू झाली की ती ऐकत नाही, नुसती विचारते."

वेंडेल लगेच उठला नाही. त्याने कोमट कॉफी संपवली, मग पाण्याची बाटली संपवली, मग दहा वाजले.

मार्गो स्ट्राउड नव्या खेळाडूंच्या विभागाची प्रमुख होती. बारा वर्षांपूर्वी ती शिकाऊ म्हणून आली तेव्हा वेंडेलने तिला आठवडाभर आपल्या पिकअपमधून नेब्रास्काभर फिरवलं होतं. पिचरचा हात बघू नकोस, पाय बघ, हे तिला त्यानेच शिकवलं. म्हणून ती त्याला अजून तुम्ही म्हणायची आणि तो तिला तू.

"बसा वेंडेल. कोपराचं लिगामेंट अर्धं फाटलंय. ताजं नाही. निदान दोन महिन्यांपूर्वीचं, नेमकं कधीचं ते डॉक्टर सांगू शकत नाहीत."

वेंडेल बसला.

"करारावर अजून सही नाही. मुदत आज इथल्या घड्याळाने दुपारी दोनला संपते. त्याने फॉर्मवर लिहिलंय, हात कधीच दुखला नाही. आता मला एकच गोष्ट ठरवायची आहे, हा पोरगा खोटं बोलला का. फाटक्या हाताची पोरं मी घेतलेली आहेत. ऑपरेशन करतो, दीड वर्ष सांभाळतो, उभी करतो. लपवणारं पोर मी घेत नाही."

"पोर सरळ आहे, मार्गो."

"असेलही. तुमचाच रिपोर्ट वाचते." तिने चष्मा लावला. "एकोणीस एप्रिल. आठव्या डावापर्यंत वेग टिकून. शेवटचा चेंडू पंच्याण्णव. हाताला कसलाही त्रास दिसला नाही." तिने कागद खाली ठेवला. "फाटल्या हाताने पंच्याण्णव पडत नाही. म्हणजे त्या दिवशी हात शाबूत होता. नंतर तो तीन आठवडे पाठीचं निमित्त सांगून बसला. म्हणजे मधे कुठेतरी हात गेला, त्याला कळलं, आणि तो गप्प राहिला. असंच ना?"

वेंडेल टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"पण हेच जर त्या सामन्यात झालं असेल, थंडीत, सव्वाशे चेंडू टाकल्यावर, तर गोष्ट वेगळी. मग त्याला तो थकवाच वाटला असणार. आणि आपला माणूस समोर बसलेला असताना पोराचा हात गेला असेल, तर मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. आत्ता बोलावते आणि सही घेते. त्या दिवसाचे दुसऱ्या कुणाकडे आकडे नाहीत, सगळे पाचव्या डावानंतर निघून गेले होते. तुमचा एकच आकडा आहे. तो बरोबर आहे?"

एकोणीस एप्रिल वेंडेलला मिनिटामिनिटाने पाठ होता. वारा असा की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जाळीमागे चार स्काउट, चेंडूचा वेग मोजणाऱ्या चार स्पीड गन. पाच डावांत सगळ्यांना हवं ते दिसलं, पंच्याण्णव मैल, आणि बाकीचे तिघे पुढच्या गावचा सामना गाठायला निघाले. हीच पद्धत आहे. वेंडेल मागे राहिला, कारण इतरांनी न बघितलेलं काहीतरी लिहिता आलं तरच त्याची नोकरी टिकणार होती. सहाव्या डावाच्या शेवटी त्याची गन लुकलुकली आणि बंद पडली. थंडीने बॅटरी खाल्ली. दुसरी बॅटरी गाडीत होती, दोनशे पावलांवर.

तो उठला नाही. पिचरचं अर्धं लक्ष जाळीमागे असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. शेवटची गन खाली गेली की पोरगा सैल पडतो आणि कोच त्याला बाहेर काढतो. मग दमसासाला काय लिहायचं? म्हणून त्याने बंद गन तशीच डोळ्यांसमोर धरून ठेवली. आकड्याची काच त्याच्या बाजूला होती. पोराला दिसत होतं ते एवढंच, की गन अजून वर आहे. दोन डाव वेंडेल काळी काच बघत बसला. आठव्यात कॉलेजचा कोच एकदा माउंडपर्यंत आला, पोरगा काहीतरी बोलला आणि कोच परत फिरला. त्या डावाचा शेवटचा चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या अलीकडे मातीत पडला. पोराने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. वेंडेलने हे स्वच्छ बघितलं. आणि संध्याकाळी मोटेलात हीटरपाशी पाय शेकत त्याने शेवटच्या चौकटीत पंच्याण्णव भरलं आणि खाली लिहिलं, त्रास दिसला नाही.

"बरोबर आहे," वेंडेल म्हणाला.

मार्गोने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. लिहिलेला आकडा स्काउट कधी खोडत नाही, हेही तिला त्यानेच शिकवलं होतं. "ठीक आहे. मग तुम्हीच सांगा त्याला," ती म्हणाली आणि पुढची फाइल उघडली.

हाही रिवाजच. पोराला ज्याने आणलं त्यानेच त्याला परत सोडायचं. साडेअकराला जोएल आपली बॅग घेऊन पिकअपपाशी आला. बॅग उजव्या हातात होती. वेंडेलने दोन वाक्यांत सांगितलं. हाताचं कळलंय, क्लब सही करणार नाही. पोराने वाद घातला नाही, रडला नाही. फक्त विचारलं, "आजच का?" वेंडेल म्हणाला, "मुदत दोनची आहे. विमान साडेचारचं." गाडी निघाली.

दहा मैलांवर वेंडेलने गाडी हळू केली. "सकाळपासून काही खाल्लं नसशील. चल, जेवून जाऊ. वेळ आहे."

जागा जुनी होती, पंखे फिरत होते, वाढपीण दोघांनाही लाडाने 'राजा' म्हणत होती. जोएलने हिरव्या मिरचीचा बरिटो मागवला आणि निम्मा ठेवला. वेंडेलने पहिल्यांदा बघितलं तेव्हा गल्ल्यावरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. फोन खिशात होता. मार्गोचा नंबर पाठ होता. एवढं पोराचं खाणं होऊ दे, मग बाहेर जाऊन फोन करू आणि खरं सांगू, असं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं.

"मी खोटं लिहिलं असं त्यांना वाटतंय ना?" जोएलने विचारलं.

"तसंच काहीसं."

"हात जड व्हायचा, सर. दुखायचा असं नाही म्हणता येणार. आणि दुखला तरी सगळ्यांचाच दुखतो. आमच्या कॅचरला सकाळी दात घासता यायचे नाहीत. 'दुखतो' असं कुणी लिहितं का? पाठ मात्र खरंच धरली होती." तो काटा बशीवर फिरवत होता. "जड व्हायला लागला तो तुम्ही आलात त्या सामन्यापासून. कोच मला काढायला आले होते, आठव्यात. मी म्हटलं, ते नारिंगी जाकीटवाले सर अजून बसलेत, गन वर आहे. ती खाली गेली की काढा मला. तिघे निघून गेले होते ना. मला वाटलं, एक तरी माणूस माझ्यासाठी थांबलाय."

वेंडेल पाणी प्यायला आणि वाढपिणीला हाक मारून त्याने दोघांना गोड म्हणून चेरी-पाय सांगितला. जोएल म्हणाला, पोट भरलंय. वेंडेल म्हणाला, "अरे, खा. इथला चेरी-पाय चुकवायचा नसतो." एक वाजून दहा मिनिटं. मग कॉफी. मग आणखी एकदा कॉफी. वेंडेल गेल्या वर्षीच्या गारपिटीबद्दल बोलला, त्याचा बाप धान्याच्या कोठारावर किती वर्षं कामाला आहे ते विचारलं, थोरल्या बहिणीच्या लग्नाचं विचारलं. पोरगं नीट उत्तरं देत होतं. मधे एकदा हसलंही. दीड झाला, पावणेदोन झाले. प्रत्येक वेळी वेंडेलचा हात खिशाकडे जाई आणि प्रत्येक वेळी पोर काहीतरी सांगत असे. अर्ध्यातून उठणं त्याला बरं दिसेना.

विमानतळापाशी पोचले तेव्हा माणसं उतरवायच्या रांगेत गाड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. वेंडेलने कडेला गाडी घातली. जोएलने दार उघडलं, मग तसाच बसून राहिला.

"एक विचारू सर? रिपोर्ट आम्हाला दाखवत नाहीत. त्या दिवशीचा माझा शेवटचा चेंडू किती होता? तो खाली पडला, पण हातातून सुटला तेव्हा जोरात होता असं वाटलं मला. बाबांना सांगायचंय."

पंच्याण्णव सांगून टाकणं सोपं होतं. पोराला तेवढं घेऊन घरी जाता आलं असतं. पण या पोराला आणखी एक खोटं बांधून द्यायचं वेंडेलला झेपेना. किंवा सकाळपासून आत दाबून ठेवलेलं आता सांगायला मोकळीक मिळाली होती. काही असो, त्याने सांगितलं.

"माहीत नाही, बाळा. गन सहाव्या डावातच बंद पडली होती. बॅटरी गेली होती. मी नुसती धरून बसलो होतो."

"दोन डाव?"

"दोन डाव. रिपोर्टात पंच्याण्णव लिहिलं. मनाने."

जोएलने आपला डावा कोपर उजव्या तळहातात धरला.

"आज ऑफिसात सांगितलंत हे?"

"नाही."

"सांगितलं असतं तर?"

वेंडेलने स्टिअरिंगवरून हात काढले. "सही झाली असती. ऑपरेशनही त्यांनीच केलं असतं."

पोराची नजर डॅशबोर्डवरच्या घड्याळावर गेली. दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. वेंडेलनेही तिकडे बघितलं, आणि जेवायला बसल्यापासून आपण नक्की काय करत होतो ते त्याला त्या क्षणी कळलं.

"म्हणून आपण जेवायला थांबलो," जोएल म्हणाला.

वेंडेलला नाही म्हणायचं होतं. भुकेल्या पोराला चार घास घालावेत एवढंच मनात होतं, असं सांगायचं होतं, आणि आत्ता एका मिनिटापूर्वीपर्यंत त्याची स्वतःची तशीच समजूत होती.

जोएल खाली उतरला. मागून बॅग काढली, उजव्या हाताने. दोन पावलं गेला आणि परत वळून खिडकीशी आला. कधीही कुणाच्या घरी जेवलं की उठताना म्हणायचं, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असणार.

"जेवणाबद्दल थँक यू, सर," तो म्हणाला आणि आत गेला.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. वेंडेल तसाच बसून होता. तिने दुसऱ्यांदा दिला, मग कुणीतरी येऊन काचेवर टकटक केली आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.